थोरल्या माळाचा लाल नकाशा

७ नोव्हेंबर २०२४, माधवनगर

या कार्यालयात बोलण्याच्या लायकीचं माणूस सापडत नाही, म्हणून ही वही आणली. आमचं केंद्र म्हणजे भाड्यानं घेतलेला वरचा मजला, खाली यंत्रमाग. मागांचा खडखडाट आठला सुरू होतो आणि आमचे संचालक डॉ. उदयसिंह साडेअकराला उगवतात. आल्या आल्या चहा, चहानंतर फोन, आणि फोन संपला की, "संयोगिता, नकाशा कसा छान रंगीत झाला पाहिजे हं." उपग्रहाच्या चित्रांवरून रानाची तब्येत ओळखायला शिकण्यात मी देहराडूनला सहा वर्षं घालवली. ह्यांना रांगोळी हवी आहे.

काम साधं आहे. आटपाडीपासून अठरा किलोमीटरवर थोरला माळ म्हणून एक उघडं रान आहे, साडेतीनशे हेक्टर. तो माळ चांगला की निकृष्ट हे मी ठरवायचं. निकृष्ट ठरला तर जिल्ह्याची समिती त्याला तारेचं कुंपण घालून झाडं लावणार. चांगला ठरला तर आहे तसा सोडणार. म्हणजे सगळं माझ्या नकाशावर आहे. हे उदयसिंहांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग कुंपण कुठल्या रंगात दाखवायचं?"

अहवाल मंजूर झाला की माझी नेमणूक कायम होणार आहे. तोवर दात काढून हसायचं.

११ नोव्हेंबर

माळ पाहिला. पाहण्यासारखं काही नाही. दगड, पिवळं पडत चाललेलं गवत आणि वारा. आमच्या कोरेगावात उसाच्या बांधावरसुद्धा याहून जास्त उगवतं. असल्या रानासाठी मेंढपाळांनी समितीला निवेदन दिलंय, खाली अंगठ्यांची रांग. माळ आमचा आहे, कुंपण नको.

परतताना हेच लोक रस्त्यात आडवे आले. दीडशे-दोनशे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, पाटीत कोंबड्या, सगळ्यात मागं एक बाई खांद्यावर कोकरू टाकून चालली होती. आमची गाडी वीस मिनिटं अडकली. लाल मुंडासं बांधलेला एक म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला, "जरा दम धरा ताई. ल्हान पिल्लं हायती, धावत न्हाईत."

ड्रायव्हरनं विचारलं, कुठं निघाला?

"खाली, ऊसवाल्यांच्या मुलखात. आता मिरगालाच माघारी."

म्हणजे दिवाळी झाली की हे चालते होणार ते थेट जूनला परत येणार. सात महिने तोंड दाखवायचं नाही, आणि माळ म्हणे आमचा. निवेदन घेताना कुणी विचारायला हवं होतं, वर्षातले किती महिने तुमचा?

२ डिसेंबर

चित्रं निवडली. उपग्रह दर पाच दिवसांनी माळावरून जातो, पण जून ते ऑक्टोबर नुसते ढग. म्हणून मागच्या तिन्ही वर्षांची मार्चची चित्रं घेतली. स्वच्छ, एक ठिपका ढग नाही. चांगल्या रानाचा नमुना म्हणून माळाच्या एका कोपऱ्यातली जुनी लागवड धरली. बारा हेक्टर, कुंपणातली, दहा वर्षांपूर्वी लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाची. तिच्याशी ताडून पाहिलं. तेवढी लागवड हिरवी, बाकी सगळा माळ लाल. लाल म्हणजे निकृष्ट, चरून चरून संपलेला. इतका स्वच्छ निकाल मी आजवर पाहिला नव्हता.

एकच खटकलं. त्या लालात सात फिकट हिरवे ठिपके आहेत, गोल, जवळजवळ एकाच मापाचे. कुणीतरी चोरून बोअर मारून पिकं घेत असणार. या लोकांचं काही सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

प्रत्यक्ष जाऊन आले. कुंपणातल्या लागवडीत जेवले. इतकी शांत, प्रसन्न जागा! अर्धा तास होते, पक्ष्याचाही आवाज नाही. आवाज टिपणारं एक यंत्र तिथं लावलं, दुसरं बाहेर लालात.

बाहेर मात्र वैताग. गाडीतून उतरल्या क्षणापासून दोन माळटिटव्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होत्या. धड उभं राहू देईनात. सलवारीत कुसळं घुसली ती रात्रीपर्यंत काढत बसले. एका कुठल्याशा जनावराच्या केसाळ विष्ठेत पाय पडला. चार पावलांवर काहीतरी तुरुतुरु पळायचं आणि थांबलं की मातीत दिसेनासं व्हायचं. निकृष्ट रानात याहून वेगळं काय असणार.

एका गोल ठिपक्यावर गेले. बोअर नाही, पीक नाही. गुडघाभर गवत, मधे कुजलेल्या काटेरी फांद्या आणि तीन दगडांची चूल. लोक सहलीला येतात आणि चूल तशीच टाकून जातात. सातही ठिपके चूक म्हणून नकाशातून काढून टाकले. आता माळ एकसारखा लाल दिसतो.

३ जानेवारी २०२५

मसुदा दिला. उदयसिंहांनी पडद्यावर पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. "वा! लहान मुलालासुद्धा कळेल!" त्यांनाही कळला, यावरून ते खरंच असावं. नकाशा लगेच समितीच्या अध्यक्षांना पाठवला. दोन खोल्यांपलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता, "आमच्या केंद्रानं केलंय." केंद्रानं म्हणे. केंद्र तेव्हा शेंगदाणे खात होतं.

१४ जानेवारी, कोरेगाव

संक्रांतीला घरी. आई तिळगुळाच्या गडबडीत. आबांनी मला विचारलं, "झाडं लावायचं काम करतीस म्हणं?" सैन्यात अठ्ठावीस वर्षं नकाशे वाचून आलेला माणूस, पण मुलीचं काम कळायचं नाव नाही. मी म्हटलं, झाडं लावायची का, हे ठरवायचं काम करते. ते म्हणाले, "मंग लावणाऱ्यापरीस मोठी झालीस."

दुपारी मळ्यात गेले. ऊस तुटून गेलाय आणि रिकाम्या रानात मेंढरं बसवलीत. दर वर्षी बसवतात. लेंड्या पडतात, रान खतावतं. लहानपणापासून ही मेंढरं बघतेय, त्यांच्या मागच्या माणसांकडे कधी पाहिल्याचं आठवत नाही. आज पाहावं लागलं, कारण लाल मुंडासं ओळखीचं निघालं.

"आवं, ह्या तर गाडीवाल्या ताई!"

आबा म्हणाले, "आकाराम, ही माझी पोरगी."

"म्हंजी ल्हानपणी कोकरासाठी रडून ताप काढल्याली ती व्हय? दगडा, आगं बग कोण हाय!"

रस्त्यावर खांद्यावर कोकरू टाकून चाललेली ती बाई चुलीपाशी होती. दगडाबाई. तिनं वर पाहिलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि परत भाकरीकडे वळली. आकाराम तेवीस वर्षं आमच्या रानात येतोय. आबा त्याला पाहुणा म्हणतात. तो थोरल्या माळाचा आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

१५ जानेवारी, कोरेगाव

घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले होते. आकाराम दूध घेऊन आला आणि मागं उभा राहिला. हा कसला नकाशा म्हणून विचारलं. वेळ घालवायला सांगितलं की हा तुमचा माळ, आकाशातून काढलेला.

"आन तांबडं काय?"

"खराब झालेला भाग. मेंढरांनी खाऊन संपवलेला."

त्यानं दुधाचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता भांडेल. त्यानं विचारलं, "फोटू कवाचा?"

"मार्चचा. मागच्या तिन्ही वर्षांचे मार्चचेच आहेत."

"मार्चात आमी हितं असतो, तुमच्या रानात. इचारा आबास्नी." आबांनी पेपरातून मान न काढता हुंकार भरला. "मंग ताई, माळ कुणी खाल्ला?"

मी काहीतरी बोलले. जमिनीची दीर्घकालीन झीज वगैरे. शब्द चांगले होते. तो मान डोलावत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो उदयसिंह बोलतात तेव्हा माझ्या चेहऱ्यावर असतो.

मग म्हणाला, "गवात उन्हाळ्यात वाळतंय, ताई. मरत न्हाई. हिरवंगार फकस्त तुमचं पाटाच्या पान्यावरचं रान ऱ्हातंय." आणि दूध आत देऊन गेला.

एक मेंढपाळ मला ऋतू शिकवतो! संताप आला. दुपारी त्याला हरवायचं म्हणून मूळ चित्र काढलं, ठिपके न खोडलेलं, आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, हे सात ठिपके मग काय आहेत? त्यानं बायकोला हाक मारली. दोघं पडद्यावर वाकली. दगडाबाईनं बोट टेकवलं, पीठ लागलेलं.

"ह्यो गेल्या साली बसलो त्यो वाडा. ह्यो त्याच्या आदीचा. हितं लांडग्यानं चार मेंढरं न्हेली, म्हून सोडला. आन ह्यो बग, पडक्या तळ्याचा. हितं सून बाळंत झाली."

पावसाळ्यात मेंढरं रात्री काट्यांच्या गोल कुंपणात बसवतात, चार महिने एका जागी. त्याला वाडा म्हणतात. पुढच्या वर्षी जागा बदलतात, आणि सोडलेल्या जागी खतामुळे वर्षानुवर्षं गवत सरस येतं. आमच्या उसाच्या रानात याच कामासाठी त्यांना बोलावतात, आणि त्या लेंड्यांवर वाढलेल्या मुलीनं त्यांच्या माळावरची तीच खूण चूक म्हणून खोडली. आम्ही उसातली माणसं. हिरवं दिसलं की चांगलं आणि पिवळं दिसलं की मेलेलं, एवढंच आमच्या डोळ्यांना येतं. देहराडूनला हे कुणी दुरुस्त केलं नाही.

दगडाबाईनं पडद्यावरचं पीठ पदरानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इतक्या वरनं दिसतंय तरी कळंना व्हय हिला?"

१९ जानेवारी, माधवनगर

दोन्ही यंत्रांतले आवाज ऐकले. लागवडीतल्या यंत्रात पाच आठवड्यांत पानांची सळसळ. लालातल्या यंत्रात चंडोल, माळटिटव्या, पहाटे खोकड, एकदा लांडगा, आणि दोनदा धाविक, तो तुरुतुरु पळणारा पक्षी, ज्याची नोंद या तालुक्यात कित्येक वर्षं झालेली नाही. तो उघड्या, चरलेल्या रानातच अंडी घालतो. गवत उंच झालं किंवा झाडं आली की जातो. हे मला तोंडपाठ आहे. यावर मी परीक्षेत बारा गुणांचं उत्तर लिहिलंय.

ढगांच्या फटीतलं एक चित्र सापडलं, ९ ऑक्टोबरचं. मेंढरं माळावर आहेत आणि माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा आहे. कागदावर घेऊन भिंतीला लावलं आणि मग काढून टाकलं, कारण बघवत नव्हतं.

२२ जानेवारी

उदयसिंहांना सांगितलं. दार लावून, हळू आवाजात, नकाशा चुकला म्हणून. ते घाबरले, पण नकाशा चुकल्यानं नव्हे. "आता कसं शक्य आहे? फ्लेक्स छापून झाला!" दहा फूट बाय सहा. माझा लाल माळ आणि कोपऱ्यात त्यांचा फोटो. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, झाडंच लावणार आहेत ना? कत्तलखाना तर काढत नाहीत. हिरवाईला नाही म्हणणारी पर्यावरणवाली तू पहिलीच. आणि तुझ्या नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस."

त्यांचा मला तिटकारा आहे. पण खोलीत येऊन तासभर बसले आणि त्यांच्या बोलण्यात चूक शोधत राहिले, तेव्हा लक्षात आलं की नोव्हेंबरमध्ये मीही हेच बोलले असते, फक्त जरा शुद्ध भाषेत.

२७ फेब्रुवारी, सांगली

समितीची बैठक. मी बोलले. कुणाची दया आली म्हणून नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. चुकीचा नकाशा माझ्या नावावर राहणार आणि कोरेगावच्या ओट्यावर दर संक्रांतीला तो म्हातारा मला दूध आणून देणार, हे मला सहन झालं नसतं, एवढंच.

उभी राहून म्हणाले की हा नकाशा माझा आहे आणि तो चूक आहे, आणि यंत्रातला धाविकाचा आवाज ऐकवला. अध्यक्षांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग उदयसिंहांकडे. उदयसिंह टेबलावरच्या फुलदाणीकडे पाहत होते. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, मग चार महिने तुम्ही केलं काय?" सगळे हसले. हसण्यासारखंच होतं.

शेवटी अध्यक्षांनी सवलत दिल्याच्या थाटात सांगितलं की जूनमध्ये चार दिवस माळावर पाहणी करा. धाविकाची वीण होते याचा प्रत्यक्ष पुरावा आणलात तर कुंपण रद्द, नाहीतर पावसात खड्डे खणायला सुरुवात. यंत्रातला आवाज पुरावा नाही. घरटं पाहिजे.

जिन्यात उदयसिंह एवढंच म्हणाले, "कागद मी परत पाठवतो." गेली नेमणूक. आबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

९ जून, थोरला माळ

मेंढरं कालच पोचली. आकारामला गुडघ्याचं दुखणं, म्हणून माझ्याबरोबर दगडाबाई येते. माझी पद्धत अशी की माळाचे चौकोन पाडलेत, मोबाइलवर एकेक बिंदू येतो, तिथवर सरळ चालत जायचं. ती म्हणाली, "सरळ कशाला? पाखरू काय सरळ रेघंत बसतंय?" शास्त्रीय पाहणी म्हणजे काय हे तिला कसं सांगणार.

११ जून

तीन दिवस आणि एकशे दहा बिंदू. काही नाही. धाविक दिसतात, पळतात, थांबतात, हरवतात. घरटं नाही. रस्त्याकडेला खड्डे खणायचं यंत्र येऊन उभं आहे, ड्रायव्हर त्याच्या सावलीत झोपतो. आकाराम सकाळ-संध्याकाळ त्या यंत्राकडे बघतो. पावसाळ्यात मेंढरं न्यायला दुसरी जागा नाही. कुंपण पडलं तर कळप विकायचा, एवढं त्यानं आबांना सांगितलं होतं. आबांनी ते मला आज सकाळी फोनवर सांगितलं.

दगडाबाई म्हणते, "तुमी मोबाइलात बगून चालतासा. खाली बगा की." मी म्हटलं, खाली बघितलं तर बिंदू चुकतो.

१२ जून

शेवटचा दिवस. एकशे सव्विसावा बिंदू, पडक्या तळ्याच्या जुन्या वाड्याच्या कडेला. मोबाइल सांगत होता, अजून चार मीटर, अजून तीन. मागून दगडाबाई ओरडली, "मॅडम, थांबा!" थांबायला एक पाऊल जास्त लागलं.

आवाज फार झाला नाही. पाय उचलला. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आणि लेंड्यांच्या मधे, त्याच रंगाची दोन अंडी. घरटं असं काही नसतंच, मला ते तोंडपाठ आहे. एक पूर्ण चेपलं होतं, दुसरं कडेनं फुटून आतलं बाहेर येत होतं. वीस पावलांवर धाविक उभा होता. पळाला नाही.

दगडाबाई खाली बसली. शिव्या देईल असं वाटलं, द्यायला हव्या होत्या. तिनं फुटलेल्या अंड्यावरची मुंगी बोटानं बाजूला केली आणि म्हणाली, "दोन हुती."

मला रडू आलं. माळावर, टळटळीत उन्हात, एका बाईसमोर मी लहान मुलासारखी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "आता तरी ल्हिवा. हुती म्हून."

फोटो घेतले, पट्टी ठेवून मोजमापं घेतली, जागा नोंदवली. फुटलेलं असलं तरी अंडं ते अंडंच, वीण सिद्ध होते. समितीला कुंपण रद्द करावंच लागेल, तिच्याच अटीप्रमाणे. आकारामचा माळ राहिला. तो मी राखला असं कुणी म्हणालं तर मी त्याला हा फोटो दाखवीन.

तक्त्यात भरलं: वीण आढळली, होय. अंडी, दोन. सद्यस्थिती, फुटलेली. शेवटचा रकाना कारणाचा. तिथं अज्ञात लिहायची मुभा असते, सगळे लिहितात. दगडाबाईला वाचता येत नाही, तरी ती कागदाकडेच पाहत होती.

मी लिहिलं: पाहणी करणाऱ्या व्यक्तीचा बूट. खाली सही केली, पूर्ण नावानं.

"काय ल्हिवलं?"

वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, उठली, आणि माझ्या पुढं चालायला लागली. "माझ्या मागनं या," म्हणाली, "मी ठिवीन तितंच पाय ठिवा."

गाडीपर्यंत दीड किलोमीटर तसंच आलो. मोबाइल पिशवीत होता.